पान दोनशे बारावरची चूक

"ड्रॅगन पाचशे पानं घोरतो आणि शेवटच्या दोन पानांत जग जिंकतो. माझा रविवार फुकट गेला!" ऋजुता म्हणाली आणि पुस्तक-परीक्षणासाठी जमलेला वाचनालयाचा हॉल हसला. तिने दुसरी कादंबरी उचलली, प्रेमकथा. लेखिका नवऱ्यासोबत पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, पण भीड बाळगेल ती ऋजुता कसली!

"काकू, कादंबरी आवडली. पण नायिका नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हणते आणि पान दोनशे बारावर, तापाच्या ग्लानीत, एकदम 'अरे, थांब ना'? एवढी ढोबळ चूक?"

कोणी हसलं नाही. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मांडीवरच्या पर्सचा पट्टा त्यांनी मुठीत आवळला. तेव्हा कुठे ऋजुताच्या डोक्यात प्रकाश पडला. ती हाक नवऱ्याला नव्हतीच. आणि नायिकेची तरी कुठे होती, काकूंचीच होती! पण आता जीभ आवरून काय उपयोग?

शेजारी बसलेले काका, काकूंचे यजमान, सावकाश उठले. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस.

"या पुस्तकाची प्रुफं मीच वाचली," ते म्हणाले. "ते पान तीनदा वाचलं. चूक नाहीये ती."