लडकूचं पान

“काव, काव, काव! ये रे बाबा, ये!” हाका मारून मारून गुणाबाईचा घसा बसला. मागच्या पडवीच्या कौलांवर लडकूचं पान मांडलं होतं. शेजारच्या आंब्यावर चार कावळे बसले होते. माना वाकड्या करून बघत होते, पण पानाकडे एकही फिरकेना. सर्वपित्रीचं ऊन डोक्यावर आलं. दिघाशी गावातल्या बाकी घरांचे पितर केव्हाच जेवून मोकळे झाले होते.

लडकू हा गुणाबाईचा नवरा. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशच्या लढाईत गेला. शेजारचा राघो आणि तो जोडीनं भरती झाले होते, परत आला एकटा राघो. तेव्हापासून तीस वर्षं त्या पानाला कावळा म्हणून शिवला नव्हता. दर वर्षी दुपार टळली की गुणाबाई ते गुपचूप ओढ्यात सोडायची आणि पुढचे दोन दिवस कुणाशी बोलायची नाही.

सकाळी राघो नेहमीसारखा तिच्या ओटीवर खुर्चीत येऊन बसला आणि त्यानं आपला पाढा सुरू केला. म्हातारा भारी गप्पिष्ट. “छावणीत चादर बांधून शिनेमा दावायचे. गोरे पुढं, आपण चादरीच्या मागं. सगळं उलटं! नायक डाव्या हातानं तलवार मारायचा. लडकू हसून हसून लोळायचा. जेवायची ताटली वाजवून असा गायचा, का पंजाबी शिपाईबी ठेका धरायचे. आन् शेवटी वासना कशावर व्हती? लसूण लावलेले सुके बोंबील, तव्यावर खरपूस. तांदळाची भाकर. वर गुळाचा खडा.”

“घरी तर बोंबलाचा वास आला का नाक दाबायचा,” गुणाबाई सुनेला म्हणाली. “आन् गाणं? कधी तोंडातून सूर न्हाय. पलटणीत माणूस बदलतो गो, तुळजा.”

पितराच्या पानात बोंबील बघून शेजारच्या आनंदीबाईनं कुंपणापलीकडून नाक मुरडलं होतं. “माझा पितर, माझं पान,” म्हणून गुणाबाईनं तिला वाटेला लावलं. आता हाका मारून दमल्यावर ती ओटीवर येऊन राघोसमोर टेकली.

“भावजी, हे शेवटचं. औंदा शिवला न्हाय, तर मी पुढं पान मांडायची न्हाय. माझंबी वय झालं. तो तसाच उपाशी फिरंल, आन् वर गेल्यावर मी त्याला काय तोंड दावू?”

ती मागच्या दारी निघून गेली. राघोच्या काळजात चर्र झालं. छातीत कळ उठली, तळव्यांना घाम सुटला. तो डोळे मिटून तसाच पडून राहिला.

कारण खरी गोष्ट निराळीच होती. बोंबील आवडायचे राघोला. गूळही त्यालाच. चादरीमागं लोळून हसायचा तो राघो, ताटली बडवून गायचा तोही राघोच. लडकू बिचारा कोपरा धरून बसणारा. त्याचं एकच मागणं राघोच्या कानात राहिलं होतं. जंगलात, मुसळधार पावसात, तापानं फणफणलेला लडकू तीन दिवस तेवढंच म्हणत होता, “राघ्या, मीठ टाकून पेज दे रे.” राघोकडं मूठभर तांदूळ होते. त्यानं ते शिजवले, आणि झाडाआड बसून एकट्यानं खाल्ले. सकाळी लडकू गेलेला होता.

गावी आल्यावर गुणाबाईनं विचारलं, शेवटी काय मागितलं त्यानं? राघोच्या तोंडून पेज हा शब्द निघेना. आपल्याला जे हवं होतं तेच त्यानं सांगून टाकलं. एकदा सांगितलं ते दर वर्षी सांगत गेला, आणि दर वर्षी वाढवत गेला.

आज मात्र पुरे झालं. बाईचे हाल बघवत नव्हते. राघो उठला आणि घरातून मागच्या अंगणात आला. गुडघा अजिबात कुरकुरला नाही, त्याचं त्यालाच नवल वाटलं. तुळजा समोरून आली आणि चहाचं न विचारताच पुढे गेली. कामात असेल पोर, असं त्याला वाटलं. तो गुणाबाईच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

“वयनी, ते पान उतरवा. ते माझ्या आवडीचं हाय, लडकूच्या न्हाय. त्यानं पेज मागितली व्हती. माझ्याकडं तांदूळ व्हते. मी खाल्ले, वयनी. एकट्यानं खाल्ले.”

ती वळून आपल्या तोंडावर थुंकेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती आंब्याकडेच बघत होती.

“वयनी, ऐकताय ना?”

“काव, काव,” गुणाबाईनं हाक मारली.

चारही कावळे एकदम उतरले. पहिल्यानं थेट बोंबीलच उचलला. राघोचं तोंड लसणाच्या चवीनं भरून आलं. दुसऱ्यानं गुळाच्या खड्याला चोच मारली, आणि राघोच्या जिभेवर गोडवा उतरला. पोट गच्च होत चाललं. “खाऊ नका! अरे, ते त्याचं पान हाय!” तो जिवाच्या आकांतानं ओरडला. कावळे बिचकले नाहीत. गुणाबाईही हलली नाही.

“जेवला गो! माझा लडकू जेवला!” गुणाबाई रडत रडत हात जोडत होती. “सुटला एकदाचा! तुळजा, पळ, राघोभावजींना सांग!”

तुळजा त्याच्या अंगाला घासून ओटीकडे धावली. क्षणभरानं पुढून तिची किंकाळी आली.

“आई, लवकर या! राघोकाका खुर्चीतच गार पडलेत!”