खांबाजवळची जागा

नवरा-नवरी स्टेजवर उभे होते, पाहुण्यांची रांग दारापर्यंत गेली होती आणि आत्या मात्र सभागृहाच्या पार टोकाला, गॅलरीखालच्या खांबाला पाठ लावून उभी होती. कुणी जेवायला बोलावलं की म्हणायची, "तुम्ही घ्या उरकून. मला भूक नाही."

शेवटी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे नवरीचा बाप, स्वतःच आला. सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती.

"ताई, लोक विचारतायत, बहीण रुसली का म्हणून! हॉल नाही आवडला का? अगं, इतका जुना हॉल, हौसेनं घेतला. केवढ्या सभा गाजल्या इथे, नाटकं झाली. हल्ली तर प्रदर्शनांमुळे तारीखच मिळत नाही..."

"पुरात सगळ्यांना इथेच आणून ठेवलं होतं," आत्या म्हणाली.

आई पुरात गेली, एवढंच भावाला ठाऊक होतं.

"खाली सतरंज्या घातलेल्या. आपली जागा ही, या खांबाजवळ. तू तान्हा होतास. भुकेनं रडून रडून काळानिळा पडलास. आईनं तुला माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, दूध मिळतं का बघून येते. इथून हलू नकोस हं, नाहीतर मला सापडायची नाहीस."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मग मामा आला आपल्याला न्यायला. मी खांबाला मिठी मारली. त्यानं माझं एकेक बोट सोडवलं." आत्यानं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "कळतं रे मला. म्हातारी झाले, एवढं कळणार नाही का? पण आज आत आले आणि इथून पायच निघेना."

"मुलीचे वडील! अहो, मुलीचे वडील कुठायत?" स्टेजवरून फोटोग्राफर हाका मारत होता.

भावानं तिकडे बघून हातानंच 'थांबा' अशी खूण केली. शेजारची एक खुर्ची ओढली, खांबाला टेकवली आणि तिच्यावर नीट मांडी ठोकून बसला.

"जा ताई, दोन घास खाऊन ये," तो म्हणाला. "तोवर मी बसतो इथे."