पुढच्या हिवाळ्याची लाकडं

माझा धाकटा येगोर या खेपेला फार गोड वागत होता, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मी टाकून बोलले तरी उलटून बोलेना. चुलीत लाकूड सारायला उठले, तर हाताला धरून बसवायचा. महिन्यापूर्वी मला जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यानंच नेलं. डॉक्टरीणबाईंचा कागद त्यानंच वाचला आणि म्हणाला, "काही नाही गं आई, वय झालंय."

चूल विझली तर आमच्या घरात बादलीतलं पाणी गोठतं. म्हणून मार्चमध्येच बर्च तोडून रचायचं. ओलं लाकूड वाळायला वर्ष लागतं, ते पुढच्या हिवाळ्यात जळतं. येगोर दरवर्षी येतो तो त्यासाठीच. यंदा त्यानं वाळलेली लाकडं तेवढी बारीक फोडली, मला उचलता यावीत म्हणून चुलीपाशी रचली आणि बॅग भरायला घेतली.

"ओली कोण तोडणार?" मी विचारलं.

"बघू गं. आहेत ती पुरतील तुला."

मी कुऱ्हाड त्याच्या पुढ्यात टाकली.

"लपवायचंच होतं ना, गाढवा, तर पुढच्या हिवाळ्याची लाकडं तोडायची होतीस!"