परत न केलेले हात

लसींचा फ्रिज सुरू झाला, तसा हर्षदने डोक्यावरचा पट्टा काढला आणि तो डबा खायला गेला. जागतिक मदतसंस्थेच्या नाशिकमधल्या हेल्पडेस्कवर बसून त्याने दक्षिण सुदानच्या छावणीतल्या नर्स अचोलचे खरेखुरे हात त्या पट्ट्याद्वारे इथून चालवले होते. तिने ते दुरुस्तीपुरते त्याच्या ताब्यात दिले होते. परत करायला तो विसरला.

तो जेवून आला, तेव्हा पडद्यावर तिचे हात तसेच हवेत थिजलेले होते. समोर तिचं तान्हं बाळ रडून रडून लाल झालं होतं.

त्याने घाईने पट्टा चढवून हात सोडले. "मॅडम, हाक का नाही मारलीत?"

"मारली. पट्टा काढल्यावर तुम्हाला ऐकू येत नाही." तिने बाळाला छातीशी घेतलं.

"माझी तक्रार करा," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग फ्रिज बिघडला की कोणाला बोलावू?"

चार दिवसांनी फ्रिज पुन्हा बंद पडला. अचोलने आधी बाळाला शेजारणीकडे दिलं.

"घ्या," ती पट्टा चढवून बसलेल्या हर्षदला म्हणाली.

हर्षदने कळ दाबली. तिचे हात त्याच्या ताब्यात आले, तेव्हा ते थरथरत होते. ती थरथर त्याला थांबवता येईना.