रेघेखालचा भाऊ

भावाच्या घरी भावाचीच नोकरी मागायला यायचं, आणि वर चहात साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं करायचं. थोरल्याचं हे वागणं आईच्या डोक्यात गेलं होतं. बरं, आला तोही युनिफॉर्म चढवून. आज त्याचं उड्डाण नव्हतं. खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या भावाला दाखवायला आणल्या होत्या, दुसरं काय. तशाच चार पट्ट्या भावाच्या कपाटातही होत्या.

धाकटा समोर मळक्या टी-शर्टात बसला होता. दोघं जुळे. नाक तेच, कपाळ तेच, टाळूवरचं टक्कलसुद्धा एकाच वर्षी पडलेलं. एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये कंपनीत लागलेले.

"काही अवघड नाही रे," थोरला म्हणाला. "संध्याकाळी सभा आहे. तू उभा राहा, दोन वाक्यं बोल. करार मान्य करा, म्हण. ज्याची नोकरी जाणार तोच हो म्हणाला, की काठावरचे सगळे इकडे येतील."

करार असा होता. कंपनी वैमानिकांचा पगार वाढवणार, सुट्ट्या बांधून देणार. त्याच्या बदल्यात सिनिऑरिटीच्या यादीत एक रेघ मारणार, आणि रेघेखालचे सगळे घरी. हे सगळ्या वैमानिकांनी मत देऊन मान्य करायचं होतं. मतदान उद्या. वाटाघाटींना युनियनकडून थोरलाच बसला होता. आधी रेघ पुष्कळ वर होती. थोरल्याने टेबलावर मुठी आपटल्या, रेघ खाली खाली सरकवली. लोक म्हणाले, वाघ आहे वाघ. मग त्याचा स्वतःचा नंबर रेघेच्या वर आला, आणि तिथे वाघाचा घसा बसला.

पुढचाच नंबर धाकट्याचा होता.

एका बॅचमध्ये वयाने मोठा तो यादीत वर, असा कंपनीचा नियम. नोकरीला लागताना ऑफिसातल्या बाईंनी हसत विचारलं होतं, तुम्हा जुळ्यांत मोठा कोण. धाकट्यानेच बोट दाखवलं, हा आमचा दादा. कागद काढून बघायची गरज कुणाला वाटली नाही. दादा म्हणायचं वळण आईनेच लावलेलं. पहिला घास दादाला. नवी सायकल दादाला. धाकट्याने कुरकूर केली की आईचा धपाटा पाठीत.

"या वयात उतरवलेल्या पायलटला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही, दादा," धाकटा म्हणाला. "तुला माहीत आहे."

"मग मी काय मुद्दाम केलं का? रेघ कुठेतरी पडणार. कुणाच्या तरी मानेवर पडणार."

"तुमची मान बरी वाचली, भाऊजी," धाकटी सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

थोरल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खुर्ची आईकडे वळवली. "आई, तू सांग ना त्याला. तुझा शब्द तो खाली पडू देत नाही."

सांगायची वेळच आली नाही. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि म्हणाला, "बोलेन मी. दोनच वाक्यं ना?"

आत भांडं आपटलं. थोरल्याने कप उचलला आणि त्याच कमी साखरेचा चहा चवीने प्यायला लागला.

"एक विचारू का रे?" आई म्हणाली.

"विचार की."

"रेघेच्या वर हा असता आणि खाली तू. मग काय केलं असतंस?"

थोरला सावरून बसला. सभांमध्ये घोटून घोटून गुळगुळीत झालेला आवाज त्याने बाहेर काढला. "हसत उतरलो असतो, आई. एवढ्या घरांचा प्रश्न आहे, एकाने मागे सरायला हवं. सभेत मीच पहिला उभा राहिलो असतो."

"हसत?"

"हसत. तुझ्या गळ्याची शपथ." त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

धाकट्याचे डोळे भरून आले. त्याला ते खरं वाटलं. सगळं आयुष्य त्याला ते खरंच वाटत आलं होतं.

आईने गुडघ्यावरचा हात उचलला आणि पाल झटकावी तसा बाजूला झटकला.

"मग राहा उभा. पहिला हा आला होता, तू मागून. हा निळा पडला होता, रडत नव्हता, नर्सने मान हलवली. जो संध्याकाळ बघणार नाही त्याला थोरला कशाला म्हणायचं? मी तुझ्याकडे बोट केलं. मग हा जगला, पण बोललेलं फिरवायची मला सवय नाही. तुमच्या बापालासुद्धा कधी सांगितलं नाही. आज सभेला मी येते, तुमच्या यादीवाल्यांना माझ्या तोंडाने सांगते."

थोरल्याच्या हातातला कप कलला, चहा पांढऱ्या शर्टावर सांडला. धाकटा आईकडे बघत राहिला. त्याच्याकडे तिने मान वळवली नाही.

"आई, असं करू नकोस," थोरला पुटपुटला. "माझी मुलं आहेत."

"तुला थोरला मी केलं होतं, आता खाली मीच उतरवते," आई म्हणाली. "हस बघू."