घराचं चित्र

निमगाव केतकीच्या समाजमंदिरातल्या चित्रकलेच्या वर्गात त्या दिवशी आज्यांनाही बसवलं होतं. विषय होता, लहानपणीचं घर. बाकीच्यांनी कौलं काढली, तुळस काढली. एकीनं तर नव्हती ती माडीसुद्धा चढवली. सारजाआजीनं मात्र घोडं काढलं. पाठीवर गाठोडी, त्यावर कोंबडी, मागं मेंढरं.

नात आर्वी कानाशी कुजबुजली, "आज्जे, घर काढायचंय! हसतील की सगळी."

"घरच हाय हे. दिस बुडताना थांबलं, की तितं चूल मांडायची."

"मग तू कुठंयस?"

आजीनं दोन गाठोड्यांच्या मधोमध इवलंसं डोकं काढलं. "तुझ्याहून ल्हान व्हते."

आर्वीनं आजीचा खडूचा हात धरला.

"आज्जे, घर जरा थांबव की. मला बी चढायचंय."