आडनावासकट

रविवारी सकाळी दहा वीसला, नाशिकमधल्या एका चर्चमध्ये, भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाच्या आधी तिथले पंच शमुवेल भालेराव माइकवर रडले.

"एका बहिणीविषयी माझ्या तोंडून खोटं गेलं होतं. देवाने मला क्षमा केली. आज किती दिवसांनी मन हलकं झालंय."

टाळ्या झाल्या. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली आणि आनंदाचं गीत घ्यायला सांगितलं.

शेवटच्या बाकावरून सुगंधा भोये उठल्या. लेकरू तापलं तेव्हा त्या भगताकडे अंगारा आणायला गेल्या, असं भालेरावांनी दोन वर्षांपूर्वी याच माइकवरून सांगितलं होतं. तेव्हापासून सुगंधाताईंना प्रभुभोजन बंद आहे.

"ती बहीण कोण, पंचसाहेब?"

"ताई, माणूस पश्चात्ताप करतोय," पाळकसाहेब म्हणाले. "आता नावं कशाला? देवाला ठाऊक आहे."

"देवाला तेव्हाही ठाऊक होतं. या लोकांना कोण सांगणार? आळ घेताना माझं नाव आडनावासकट घेतलं होतं."

पेटी थांबली. पाळकसाहेबांनी भालेरावांना बसायची खूण केली. भालेराव बसले नाहीत. द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे पहिल्या बाकापाशीच थांबला.

आता दहा पस्तीस झालेत. माइक भालेरावांच्या हातात आहे आणि चालू आहे. अजून तरी त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येतोय.